परिचय, पन्नास शब्दांत

शर्वाणीचा निरोप आलाय, रात्री पावणेबाराला:
ताई, महोत्सवाच्या पुस्तिकेत यंदा तुमचाही परिचय हवा.
पन्नास शब्द. आणि एक फोटो, एकटीचा.

फोटोपाशीच अडलं.
तीस वर्षांच्या फोटोंत मी आहे ती
कुणाच्या तरी खांद्यामागे, अर्धी,
ओठांत सेफ्टी पिन,
किंवा नुसताच हात, पाण्याची बाटली पुढे करणारा.

परिचय लिहिलेत मी. दुसऱ्यांचे, शेकड्यांनी.
'वयाच्या सहाव्या वर्षापासून कथकचे शिक्षण' –
सहा नव्हतं, नऊ होतं; सहा वाचायला बरं वाटतं.
'प्रयोगशील' हा शब्द तर इतका वापरला
की हातात धरवत नाही आता,
न्हाणीतल्या साबणाच्या चिपेसारखा सुळकन सटकतो.

स्वतःचा सुरू केला:
'परळच्या महापालिका शाळेत, तिसऱ्या मजल्यावर'
...तिथे काय केलं मी? किल्ली मिळवली.
शिपाई घाडीकाकांच्या मुलीला इंग्रजीची शिकवणी,
बदल्यात संध्याकाळी सातनंतर चौथी ब.
इवल्याशा बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून,
अख्खा दरबार बसायचा,
आणि फळ्यावर राहून गेलेला सातचा पाढा
शेवटी नेपथ्यातच घेतला आम्ही.

यास्मिन मुजावरच्या सुजल्या घोट्याला बर्फ
मी भाऊच्या धक्क्यावरून आणला होता,
बोंबलाच्या वासाचा.
ती नाचली. सोमवारी परीक्षणात छापून आलं:
'पदन्यासात समुद्राची लय.'
हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी,
आणि ओढणीला अजून तो वास.

तारखा मागत नाट्यगृहाच्या जिन्यात बसले,
मिळाली मंगळवारची दुपार.
प्लॅन उघडला. सतरा खुर्च्या गेल्या,
त्यांतल्या चार माझ्या मावसबहिणींच्या.
दिगंबर तांडेल वर दिव्यांपाशी म्हणाला,
सतरा तर सतरा, अंधार तेवढाच करायचा ना?

पाकिटं नेहमी मध्यंतरात दिली.
टाळी आणि पैसे एकाच हातात पडू नयेत,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
एका पाकिटात सोसायटीचा मेंटेनन्स होता,
दुसऱ्यात काय होतं ते घरी अजून माहीत नाही.

आणि उन्मेष वाघचौरे.
हा कुठल्या शब्दात बसवू?
परभणीहून आला, पिशवीत बाड.
वाचलं, रात्रभर झोपले नाही,
सकाळी म्हणाले, दुसरा अंक पुन्हा लिही.
त्यानं लिहिला. चारदा लिहिला.
प्रत्येक वेळी थोडा शहाणा, थोडा कमी.
पुढच्या वर्षी करू, म्हणाले. मग त्याच्या पुढच्या.
पहिलाच खरा होता बहुतेक.
आता तो ठाण्यात पाण्याची यंत्रं विकतो,
डिसेंबरात एकदा फोन करतो:
ताई, ते बाड आहे ना?
आहे, म्हणते.
बरं, म्हणतो, आणि मुलाच्या शाळेचं बोलतो.

दोन वाजले. मोजले तर तीनशेच्या वर शब्द,
आणि अजून माझं काम काय ते आलेलंच नाही.

तर शर्वाणी, एवढंच छाप:
'तिसरी घंटा झाल्यावर विंगेत उभी असते.'
सहा भरले.
उरलेल्या चव्वेचाळीसांत
दिगंबर तांडेल बसतो का बघ,
त्याला आजवर कुणी परिचय मागितलेलाच नाही.
जन्मसाल विचारू नकोस, चिडतो.

फोटो तो हाताचाच घे.
बाटलीवरचं कंपनीचं नाव तेवढं पुसून टाक,
ते आपले प्रायोजक नव्हते.